तात्यांचा ऑफ सीझन

दिवाळी झाली की आमच्या शेजारच्या बबनतात्यांच्या न्हाणीघरात अग्निप्रदीपन व्हायचं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटवताना करतात तेच, हार, नारळ आणि भाषणासकट; फक्त बॉयलरच्या जागी अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब. प्रमुख पाहुणे गल्लीतूनच पाळीपाळीनं निवडले जात. एका वर्षी तो मान मला मिळाला. मी शाळेत शिकवते, म्हणून माझ्याकडून 'दोन शब्द' अपेक्षित होते. मी बंबाला सुयश चिंतलं आणि पेढा खाऊन शाळेला गेले. तात्यांच्या बायकोला, म्हणजे शकूकाकूंना, मात्र त्या दिवशी गार पाण्यानंच अंघोळ करावी लागली, कारण काडी ओढायचा मुहूर्त उशिराचा निघाला होता.

तात्यांची हयात कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. निवृत्त होऊन ते आमच्या गावातल्या, अंथुर्ण्यातल्या घरी आले, पण कारखाना तिथंच सोडून यायला विसरले. हिवाळा म्हणजे गळीत हंगाम आणि उन्हाळा म्हणजे ऑफ सीझन. ऑफ सीझनला सगळ्या यंत्रांचं ओव्हरहॉलिंग करायचं असतं, म्हणून ऐन एप्रिलमध्ये पंखे खाली उतरत. पाती ओसरीवर, मोटार खाटेवर आणि काकू पदरानं वारा घेत दारात. "यंत्राचं लाड करू नये, डोक्यावर बसतं," असं तात्या म्हणत आणि काकूंच्या डोक्याला लावायचं खोबरेल त्याच पंख्याच्या बेअरिंगात ओतत. पंखा परत जोडल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा. "जादाचाच होता," म्हणून ते तो खिशात टाकत.

मग काकूंच्या छातीत कळ आली. बारामतीला नेऊन अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की उन्हाळ्यात ह्यांना उकाड्यात ठेवू नका. बारामतीतच राहणारी लेक सुनंदा म्हणाली, एसी बसवा. तात्यांना तो बॉयलर हाऊसचा अपमान वाटला. "एसी म्हंजे दार लावून शिळी हवा खायची. कूलर हाय की आपला. त्यालाच अपग्रेड करतो," असं त्यांनी जाहीर केलं.

अपग्रेड म्हणजे काय, हे आम्हाला वासावरून कळलं. कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून तात्यांनी बगॅस भरला होता, म्हणजे उसाचा चोथा. त्यांचा हिशेब असा की जो माल एवढा मोठा बॉयलर तापवतो, तो भिजवला की तेवढंच गार करणार. पहिल्या दिवशी खोलीत गुऱ्हाळाचा सुगंध दरवळला. तात्यांनी सगळ्या गल्लीला आत बोलावून उभं केलं आणि एकेकाचं तोंड न्याहाळलं. पुढं चोथा आंबला. कूलर सुरू केला की देशी दारूच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखं वाटे. मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट जाळीत शिरली आणि त्यांच्यामागून गांधीलमाश्या आल्या. तात्यांनी ह्याला 'ट्रायल सीझन' म्हटलं. मुंग्या कमी व्हाव्यात म्हणून त्यांनी कूलर बंद ठेवला, आणि त्याच दुपारी काकू स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या.

सुनंदा गाडी घेऊन आली. काकूंनी पिशवी भरली, चपला घातल्या आणि आयुष्यभराचं एका दमात बोलून टाकलं.

"मी काय तुमचा बॉयलर न्हाय, तापवून बघायला. घर गार झालं की सांगा, मग येते."

तात्या ओसरीवर बसून राहिले. घरात बंब होता, कूलर होता, आणि हाक मारायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते एसटीनं बारामतीला जाऊ लागले. निमित्त कधी शेवग्याच्या शेंगांचं, कधी पेरूंचं. सुनंदाच्या हॉलमध्ये एसी चालू असायचा आणि तात्या मफलर बांधून खुर्चीच्या कडेवर बसायचे. एका संध्याकाळी परत आले ते आमच्याच दारात थांबले. "शकू दुपारची झोपती," म्हणाले. "घोरतीबी. म्या कधी बघितलंच न्हवतं." आणि मफलरच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. तात्यांना मी रडवेलं तेवढंच पाहिलं.

एसी आला. बसवायला आलेल्या मेकॅनिकला तात्यांनी एवढे प्रश्न विचारले की तो शेवटी जेवणाचा डबा घेऊन बाहेर झाडाखाली जाऊन बसला. "सेफ्टी व्हॉल्व्ह दिसंना कुठं," ही तात्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. स्लॅबला त्यांनी स्वतः चुना मारला, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, आणि सुनंदाला फोन केला.

काकू आल्या तेव्हा आम्ही चारदोन बायका मुद्दामच तिथं होतो. त्यांनी खोलीत जाऊन हात पुढं करून हवा बघितली, कॉटवर बसल्या. बरं झालंय म्हणाल्या. मग विचारलं, ह्यांचं अंथरूण कुठंय? तात्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले की ते ओसरीवर झोपणार, असल्या गारठ्यानं गुडघे धरतात.

काकूंनी पिशवी पुन्हा हातात घेतली. "मग मी कशाला आले? गारवा तर लेकीकडंबी होता."

तात्यांनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि गुपचूप अंथरूण आत आणलं. त्यानंतरचे उन्हाळे ते त्या खोलीत कानटोपी, स्वेटर आणि गोधडी अशा थाटात झोपले. सगळं गाव उघड्या अंगानं अंगणात तळमळत असताना तात्यांच्या दोरीवर वैशाखात लोकरीचा स्वेटर वाळत असायचा. त्यावरून पारावर त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्यांनी ती मजेत ऐकून घेतली.

गेल्या पावसाळ्यात तात्या झोपेतच गेले. यंदा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक पडला. परवा दुपारी मी काकूंकडं गेले, तर एसीच्या खोलीत त्या तोच स्वेटर घालून बसल्या होत्या, बाह्या दुमडून. बरं वाटत नाही का, म्हणून मी विचारलं.

"बरी हाय की," काकू म्हणाल्या. "मशीन तेच हाय, नंबरबी तोच ठेवलाय. पण ह्यांच्या मागं खोली लई गार पडती."