एका डब्याचा अंदाज

वीस वर्षं वकीलसाहेबांच्या शिकारीच्या तळावर चूल पेटवली ती ज्ञानू धनगरानं. सरपण कुठं मिळेल, दहा माणसांना किती मोळ्या लागतील, हे त्याला आभाळाकडं बघून पाऊस सांगावा तसं कळायचं. त्याची स्वतःची मेंढरं दुष्काळात गेली. उरली एक बैलगाडी आणि हे काम.

यंदा साहेबांनी मुंबईहून दोन स्टोव्ह आणले. कारकून मुकुंदराव म्हणाले, "सहा दिवसांचं घासलेट किती लागेल, ते आजच सांग. तंबू, पेट्या चढवल्यावर गाडीत जागा उरत नाही. आणि अंदाज चुकला, तर साहेब पुढच्या वर्षी शहरातला आचारी नेणार आहेत."

ज्ञानूनं एक स्टोव्ह घरी नेला. टाकी किती वेळ पुरते ते मोजायला घरात घड्याळ कुठलं? त्याची बायको केराबाई जात्यावर बसली.

"अवं, दोन पायल्या जोंधळं दळलं, तरी ह्याचं भगभगणं सरंना," ती म्हणाली. "ह्यो काय खातो तरी काय?"

"त्येच तर बघतोय की. तू दळ."

टाकी रिकामी झाली तेव्हा तिचे हात भरून आले होते. ज्ञानूनं बोटांवर हिशेब घातला, पुन्हा घातला, आणि सोलापुरात सात रस्त्यावरच्या साहेबांच्या बंगल्यावर जाऊन मुकुंदरावांना सांगितलं, "एक डबा बास होतंय, भाऊसाहेब."

हिशेब चोख होता. पण तो बंद दाराआडचा होता.

तळ पडला त्या उघड्या माळावर फाल्गुनाचा वारा सुटला. भांड्याखालची ज्योत एकीकडं, भांडं एकीकडं. घोंगडी आडवी धरली तरी चहाला तासभर लागायचा. चौथ्या दिवशी सकाळी ज्ञानूनं डबा उलटा केला. थेंबही पडला नाही. सोलापूरला जाऊन यायचं तर पुरा दिवस मोडणार. माळावर काटकी नव्हती. मेंढरांनी बोरीचे खुंटसुद्धा कुरतडलेले.

तो जवळच्या वाडीवर पळाला. ओळखीची सोनाबाई दारात बसली होती.

"गवऱ्या? परवा होळी हाय की, बाबा. पोरांनी रचल्याली उडवीच्या उडवी पळवली. माळावरचं वाळलं शेणबी येचून न्हेलं."

चावडीपुढं होळीची रास पुरुषभर उंच उभी होती.

"त्यातल्या धा द्या. धाच."

"होळीवर चढलेली गवरी जिची तिलाबी परत मिळत न्हाय. माझ्याच हायत त्यात पन्नास. मी हात लावला का?"

"माझं काम जाईल, आक्का."

"आनि तू काढलीस तर माझं गाव मला काय म्हनंल?" मग तिचा आवाज उतरला. "पानी देऊ का? पळत आलास."

पाणी न पिता तो परतला. तळावर मुकुंदराव वाटच बघत होते. "साहेब काळविटामागून येतील एवढ्यात. बरोबर पाहुणे आहेत. काय सांगू त्यांना?"

ज्ञानूनं गाडीच्या चाकांखालचे धोंडे चुलीसाठी काढले, कुऱ्हाड घेतली आणि गाडीच्याच तळाची पहिली फळी उचकटली. जुनं बाभळीचं लाकूड, बापानं बसवलेलं.

"अरे, काय करतोस? परत सामान कशात न्यायचं?"

"वाडीवरनं गाडी बघा की. माझी न्हाय आता."

दगडांची चूल मांडली. बाभूळ धडधडून पेटली. साहेब आले, चहा प्याले, भाकरी खाल्ली, आणि तंबूच्या दारातून म्हणाले, "ज्ञानू, स्टोव्हपेक्षा तुझी चूलच बरी बुवा. पुढच्या वर्षीही तूच ये. गाडी घेऊन ये."

"व्हय, साहेब."

त्यानं राख सारली. मग गाडीकडं वळून उरलेल्या फळ्या मोजल्या: नऊ. जेवणं पाच. संध्याकाळच्याला दोन लागणार होत्या. त्यानं कुऱ्हाडीची धार अंगठ्यानं पाहिली.