हलका झ आणि आमची आत्या

“हे नाव हाये का उचकी?”

बारशाच्या घरी पाटावर टेकता टेकता आत्याचा पहिला प्रश्न हा. उत्तर कोणी देत नसे, कारण दुसरा प्रश्न याहून वाईट येई.

देऊळघाटच्या आमच्या गल्लीत ज्या बापाला बहीण नाही, त्याच्या लेकराची आत्या हीच. सकाळी बाजारात मेथी-वांगी विकून यायची, ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि पाळण्यावर वाकून लेकराच्या कानात नाव सांगून “कुर्रर्र” करायची. मग रिवाजाप्रमाणे आम्ही बायका तिच्या पाठीत धपाधप धपके घालायचो. ती शिव्याही द्यायची आणि हसायचीही.

नव्या नावांचा तिला भयंकर तिटकारा. खरं सांगते, मलाही. मी अंगणवाडीत हजेरी घेते. कियांश, रेयांश, विहांश... नुसते अंश, अख्खं पोरगं एक नाही! एका आईने तर मला बजावलं, “मॅडम, आर्या नाही, आऽर्रिया म्हणा.” पोरीच्या नाकातून शेंबूड गळतोय, तो पुसायचा सोडून ही बया माझी जीभ वळवतेय. तुमच्याही शेजारी असेलच अशी एखादी.

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “नाव असं पाह्यजे वैनी, वावराच्या धुऱ्यावरून हाक मारली तं विहिरीपाशी ऐकू गेली पाह्यजे. हे नावं तं ओठातच मरतात.”

माझ्याही मुलीचं नाव मी मोबाईलवर शोधलं होतं, आयझल. “पोरगी झाली का खोकल्याचं औषध?” असं भर बारशात म्हणाली. कितीतरी दिवस मी तिची भाजी घेतली नाही.

तिचा एकुलता एक भाऊ पुण्याला कंपनीत. त्याच्या बायकोची दोन लेकरं पाळण्यात पडण्याआधीच गेलेली. तिसरा मुलगा जगला तेव्हा आत्या गल्लीभर गूळ वाटत फिरली. नाव आपणच ठेवणार, यात तिला शंकाच नव्हती. सख्खी आत्या ना!

बारसं इथेच झालं. पाहतो तर काय, पाळण्यावर चमचमत्या अक्षरांत नाव आधीच टांगलेलं. झिआंश.

“ताई, नाव ठरलंय,” भाऊ म्हणाला. “तू फक्त कानात सांग.”

“आणि झ हलका म्हणायचा बरं का, ताई,” भावजय म्हणाली.

“हलका काऊन वो? पोरगं तं चांगलं भारी हाये माह्यं.”

आत्या वाकली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली. कुर्रर्र झालं, धपके पडले. उठली तेव्हा डोळे पुसत होती. आम्हाला वाटलं, कोणाचा तरी हात जोरात बसला.

संध्याकाळी भांडी घासताना मी विचारलं, “जमलं का झिआंश म्हणायला?”

“थू! म्या धोंड्या म्हटलं.”

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

“दोन गेले, वैनी. असं चमकणारं नाव टांगलं का साऱ्याईची नजर जाते. वरच्याचीबी जाते. धोंड्याले कोण उचलून नेते? धोंडा पडून राह्यते दारात, शंभर वर्षं.”

“भावजयीला सांगितलं?”

“सांगितलं. तोंड फिरवून बसली. बसू दे.”

भावजय नुसती बसली नाही. “माझ्या मुलाला दगड म्हणतात,” असं सगळ्या नात्यात सांगून तिने गावी येणंच बंद केलं. आत्या फोनवर फक्त विचारायची, “पोरगं जेवलं का?” झिआंश म्हणाली असती तर पोरगं भेटलं असतं. पण ती शेवटपर्यंत म्हणाली नाही.

यंदा मेथी काढायच्या दिवसांत आत्या गेली.

तेरवीला भावजय आली. मुलगा चार वर्षांचा, चांगला गुटगुटीत. पंगत बसली होती आणि तो ओट्यावरून पडला. कपाळ फुटलं. पोराने आ वासला, पण आवाजच निघेना. श्वास कोंडून ओठ निळे पडले.

भावजय पानावरून उठून धावली. त्याला छातीशी घेऊन गदागदा हलवत ओरडली, “धोंड्या! ए धोंड्या! धोंड्या रे!”

विहिरीपाशी भांडी घासणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, इतकी मोठी हाक.

पोराने टाहो फोडला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा हात आपसूक वर गेला, जोरदार धपका घालायला.

पण घालू कोणाच्या पाठीत?