अलीनाच्या तोंडून कोण बोललं

तेव्हा तिथं आम्ही चौघं होतो. मी हलीमा, माझी लेक शबनम, जावई मुश्ताक, आणि नात अलीना, सात वर्षांची. पाचवी कोणी होती की नव्हती, तेच सांगायला बसलेय. मी चौथी शिकलेली. फोनात बोलते, तो लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगते. असलं काही मी मानत नाय. माझा घरवाला होडीसकट गेला तेव्हा शबनम पाळण्यात होती. लोक म्हणाले, अमक्या बाबाकडं जा, तो सांगेल कुठं आहे. मी गेले नाय. ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढल्या, कालवं फोडली, बाजारात बसले, पोरीला नर्स केली. इतकी वर्षं त्याच पाण्यात उभी राहिले, पण त्याची हाक कधी आली नाय. ज्यानं यायला पाहिजे होतं तोच आला नाय, मग दुसरं कोण येणार... असं माझं मत.

आता लेकीकडं बहरीनला असते, रिफ्याला. दोघं ड्युटीवर, पोरगी शाळेत. सकाळी सहापासून दुपारपर्यंत मी आणि एसीचा आवाज. अलीनाला माझं सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी म्हणते, "जेवलीस का गे?" ती म्हणते, "येस नानी." झालं, खलास. आमचं बोलणं तेवढंच.

थंडीतला शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज करून मुश्ताक आला आणि आम्ही दक्षिणेकडं निघालो. तिथं समुद्र आत शिरून तळ्यासारखा झालाय. तीन बाजूंनी पांढरी वाळू, मध्ये हिरवंनिळं पाणी, तळाचा दगड दिसतो एवढं स्वच्छ. मुश्ताक म्हणाला, "अम्मी, लोक तिकीट काढून लांब लांब जातात असली जागा बघायला. बसा, तुमचा फोटो काढतो."

मी म्हटलं, "मला काय बघता, पाणी बघा."

शबनम रात्रपाळी करून आलेली, गाडीत झोपली. मुश्ताक कोंबडी भाजायचे कोळसे विसरला होता, ते आणायला कुणाच्या तरी गाडीतून गेला. पाणी ओसरलेलं होतं. लांबवर चिखलवाळू उघडी पडलेली, आणि तिच्यात ती बारीक बारीक भोकं. ज्यानं तिसऱ्या काढल्यात त्याला ती भोकं बघून बसवत नाय. गाडीत एक रिकामी पिशवी होती ती घेतली, पोरीचा हात धरला.

आमच्याकडं हिशोब असतो. चांदाची जी तारीख, तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चांदाची बारा होती. म्हणजे नऊला भरती, तीनला सुकती. तेव्हा दोन वाजलेले. अजून तासभर पाणी जाणार, मग सावकाश येणार. चारपर्यंत काळजी नाय. आयुष्यभर ह्याच हिशोबावर पोट भरलं, तो इथंही लागू पडेल असं धरून चालले.

पोरगी खूश होती. मी बोटानं उकरायची, ती तिसरी उचलून पिशवीत टाकायची. "नानी, वन मोअर, वन मोअर." किती लांब गेलो कळलं नाय. मग वारा सुटला, धूळ उठली. मान वर केली तर किनारा दिसेना. आणि घोट्याला पाणी लागलं. ते जात नव्हतं, येत होतं. मागं वळले तर मधल्या सखल भागात आधीच भरलेलं.

पोरीला पाठीवर घेतलं. हाका मारल्या. वारा तोंडातला शब्द घेऊन जायचा. पाणी मांडीला आलं. एक पाय टाकला तर कमरेपर्यंत आत गेला. मला माझं काय नाय, सत्तरी झाली. पण पाठीवर शबनमची एकुलती एक होती, आणि तिला मी आणली होती.

तेवढ्यात कानापाशी आवाज आला.

"थांब गे. पुढं पाय टाकू नको."

आवाज अलीनाचाच. बोली माझ्या गावची.

"चपला काढ आधी. तळव्याला काय कळणार रबरातनं?"

मी काढल्या.

"डावीकडं घे. खडप लागेल, ते सोडू नको. कोणत्या गावचा हिशोब लावतेस गे? हे पाणी तुझ्या बापाचं नाय."

माझ्या अंगावर काटा आला. पाऊणपटीचं मी कुणाला बोलले नव्हते, मनातच केलेलं. मी विचारलं, "कोण गे तू?"

"पाय उचल. ओळख मागनं."

तळव्याला खडबडीत लागलं, पाण्याखालचा खडक, आमच्याकडचं खडप. तेच धरून चालले. मध्ये मध्ये ती सांगायची, आता उजवीकडं, आता वाक... एकदा म्हणाली, "दमलीस ना? मीपण दमले." किती वेळ गेला सांगता येत नाय. मग कोरडी वाळू लागली. पोरीला खाली ठेवलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि परत विचारलं, "कोण तू?"

ती म्हणाली, "नानी, आय अ‍ॅम कोल्ड."

शबनम धावत आली. "अम्मी, कुठं गेली होतीस? तुझ्या पायांतून रक्त येतंय." मी सगळं सांगितलं, माझी चूकपण सांगितली. ती पोरीला छातीशी धरून गाडीत जाऊन बसली, दार लावून घेतलं. मला चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. मुश्ताक कोळसे घेऊन परत आला, तो म्हणाला, "अम्मी, तुमचं ऐकून ऐकून आलं असेल तिला." असेल. पण खडप हा शब्द मी गाव सोडल्यापासून तोंडातून काढलेला नाय. वाट तिला कुठून कळली, तेही तो सांगू शकत नाय.

नंतर दोनचार वेळा मी अलीनाला म्हटलं, "बोल ना गे, तशी बोल." ती म्हणाली, "लाइक व्हॉट, नानी?" पोरगी घाबरेल म्हणून सोडून दिलं. आता दुपारी एकटी बसले की वाटतं, इतक्या वर्षांत माझ्याशी माझ्या बोलीत कोणी एवढं बोललं असेल तर ती आवाजातली बाईच. तीपण भांडून गेली.

मला अजून काही उलगडलेलं नाय. वाचणाऱ्यांना एकच मागणं आहे. आपल्याकडची कोणी बाई बहरीनच्या त्या पाण्यात बुडून गेली असेल, कुणाची आई, मावशी, कामाला आलेली आणि परत न पोचलेली, तर तिचं नाव मला कळवा. नमाजनंतर मी तिच्यासाठी दुआ मागते, पण नुसतं "ती बाई" म्हणावं लागतं. नाव घेऊन मागायची आहे.