नवऱ्याच्या बीपीची लाट

रिसोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवते. इतक्या वर्षांत ते गणित घरच्या कामी एकदाच आलं, आणि तेही वाया गेलं.

नवऱ्याचं कापडाचं दुकान. सकाळी तो डोकं धरूनच उठायचा. डॉक्टरकडे मात्र संध्याकाळी पाचला जायचा, आणि तिथं बीपी ठीक निघायचं. गोळी तीच राहायची.

मला ते पटेना. मी मशीन आणलं आणि महिनाभर दर तीन तासांनी मोजलं, पहाटेसाठी गजर लावून. तो डोळे न उघडताच हात पुढे करायचा. आलेखावर आकडे मांडले तर नुसते विखुरलेले ठिपके. मग चोवीस तासांत एकदा चढून उतरणारी कोसाइनची लाट, जी मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते, ती त्या ठिपक्यांतून बसवली. शिखर पहाटे पाचला, तळ संध्याकाळी पाचला. डॉक्टर नेमके तळाशी मोजत होते.

कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले, नवऱ्यालाही नेलं. त्यांनी कागदावर धड नजरही टाकली नाही. "मॅडम, गणित वर्गात शिकवा. पेशंट मी पाहतो." बाकावरचे पेशंट हसले.

घरी येऊन नवऱ्याने मशीन कपाटावर ठेवून दिलं. म्हणाला, "चारचौघांत माहं हसं केलं तू. आता मोजनं बंद."

मीही बंद केलं. अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे कागद नेता आला असता. नेला नाही. त्याच्या आकड्यांपेक्षा मला माझा अपमान मोठा वाटत होता, हे आता कबूल करते.

अडीच महिन्यांनी, एका पहाटे, तो न्हाणीत पडला. उजवी बाजू गेली. अकोल्याच्या दवाखान्यात जुन्या रिपोर्टांत तो आलेखही गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो बराच वेळ पाहिला. कोणी काढला ते विचारलं, आणि म्हणाल्या की औषध तेव्हाच बदलायला हवं होतं. हे कोणाच्या तरी तोंडून ऐकायला मी किती तरसले होते. ऐकलं, तर तिथं थांबवेना, बाहेर आले.

बाहेर धाकटा दीर उभा होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमीच मोजू मोजू दादाले भेव घातलं." सासरी आजही हेच खरं मानतात.

नवरा वाचला. दुकान दीर पाहतो. जीभ जड झाली, तरी पहाटे तो डावा हात स्वतःच पुढे करतो आणि आकडा विचारतो. मी सांगते. मशीन कपाटावर गेलं त्या दिवसाबद्दल त्याने मला कधी काही म्हटलं नाही, मीही त्याला नाही.

परवा एका लग्नात ते जुने डॉक्टर भेटले. "साहेबांचं बीपी कसं आहे आता?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. कागद त्यांना आठवतही नव्हता. "ठीक आहे," मी म्हणाले, आणि ते जेवायला गेले.