व्हिसासाठी जोडीचा फोटो

लग्नानंतर मला जर्मनीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याकडे राहायला जायचं होतं. व्हिसासाठी दोघांचा फोटो काढायला आम्ही बुधवार पेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. म्हाताऱ्या फोटोग्राफरनी चष्मा कपाळावर चढवून आम्हाला न्याहाळलं.

“मधे सासूबाई उभ्या राहणार आहेत का?”

आम्ही इंचभर जवळ सरकलो.

“अहो, तिकडच्या साहेबांना हे लग्न खरं वाटायला हवं!”

मला हसू फुटलं आणि मी ह्यांचा हात धरला. तेवढ्यात फोटोग्राफरनी फोटो काढलाही.

“ताई, एक कॉपी आईला द्या. तिलाही खात्री हवी असते.”

मी इतक्या लांब चालले म्हणून आई रुसून बसली होती. तो फोटो तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “मेतकूट किती बांधून देऊ?”