दहाव्या खुणेचा आकडा

त्र्यंबककाका बर्फ मोजतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींत हे सांगितलं की लोक आधी हसतात. इथे जो तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि हा माणूस पंचवीस वर्षं हिवाळाभर सिएराच्या डोंगरात नळी घेऊन हिंडतोय. मला हसू येत नाही. माझे बाबा, शैलेंद्र, त्यांचे जोडीदार होते आणि नऊ वर्षांपूर्वी त्याच बर्फात गेले.

काम सांगायला सोपं आहे. डोंगरउतारावर एका ओळीत दहा खुणा असतात, झाडांना ठोकलेल्या पाट्या. प्रत्येक खुणेपाशी ॲल्युमिनियमची लांब नळी जमिनीपर्यंत दाबायची, वर काढायची आणि तळाला माती लागली ना ते बघायचं. माती नसेल तर नळी मध्येच कुठेतरी अडकली, मेहनत फुकट. मग बर्फासकट नळी काट्याला टांगायची, की हा बर्फ वितळल्यावर किती इंच पाणी होईल ते कळतं. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने म्हणून लिहायचा. दहांची सरासरी ऑफिसला जाते. त्यावर धरणवाले उन्हाळ्याचं पाणी ठरवतात आणि खाली खोऱ्यातले शेतकरी काय लावायचं ते. एकट्याने जायचं नाही, हा पहिला नियम.

बाबा मात्र एकटेच गेले. शनिवारी दोघं मोजून आले होते, तरी रविवारी सकाळी ते पुन्हा गाडी काढून निघाले. वादळात अडकले, मंगळवारी सापडले. आईने एकच अर्थ लावला: ह्या माणसाला आमच्यापेक्षा डोंगर प्यारा होता. नऊ वर्षं ती हेच म्हणते आणि मीही निमूट ऐकून घेते. मी पाण्यावर मास्टर्स करतेय, प्रोजेक्टसाठी काकांच्या मागे लागले, ते खरं तर बाबा का गेले हे कळावं म्हणून.

काका आम्हाला टाळायचे. मंडळाच्या गणपतीत आई आत असेपर्यंत हे बाहेर पार्किंग लॉटमध्ये उभे. आई म्हणायची, माणूसघाणा आहे. मलाही ते दोनदा नाही म्हणाले. मार्चमध्ये त्यांचा आताचा जोडीदार आजारी पडला, तेव्हा कुठे मला बोलावलं.

वर पोचलो आणि काकांचं चालणं मला विचित्र वाटायला लागलं. काका वाटेच्या उजव्या कडेने चालत होते, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. मी त्या जागेत शिरले की ते आणखी सरकायचे. पहिल्या खुणेला मी उजवीकडे उभी, आणि ह्यांनी आकडा सांगितला डावीकडे बघून. मी तो परत म्हटला तर दचकले. प्रत्येक खुणेला तेच. चौथ्या खुणेनंतर मलाही डावीकडे बघवेना. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण तिथे कुणीतरी चालत होतं, आणि कोण ते मला माहीत होतं.

नऊ खुणा झाल्या आणि ढग खाली उतरले. समोरचा कडा दिसेनासा झाला. दहावी खूण एका उघड्या उतारापलीकडे होती. मी म्हटलं, परत फिरू. काकांनी नळी खांद्यावर घेतली.

"वल्लरी, तू इथेच थांब. दहाव्या खुणेला मी एकटाच जातो. दरवर्षी जातो."

मी त्यांची बाही धरली आणि का ते विचारलं. ते उताराकडे बघतच सांगायला लागले.

"त्या शनिवारी असंच झालं. दहावी राहिली. शैलेंद्र म्हणाला, ब्लँक ठेव. मी म्हटलं, ब्लँक ठेवलं की ऑफिसातून ढीगभर क्वेश्चन्स येतात. नऊ आकडे हातात आहेत, दहावा काय वेगळा येणार? गाडीत बसून मी एकतीस लिहिलं आणि सही केली."

बाबांना ते पटलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी फोन करून आकडा काढून टाकायला सांगितलं होतं. काका म्हणाले होते, सोमवारी बघू.

"त्याच्या खिशातल्या वहीत साडेएकतीस होतं," काका म्हणाले. "वही ऑफिसची, म्हणून माझ्याकडे आली. पोचला होता तो. मोजलं होतं त्याने. परतताना गेला."

अर्धा इंच. दहांत वाटला तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. मला काकांना मारावंसं वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच वेळी हायसंही वाटलं, की बाबा आम्हाला सोडून डोंगराकडे गेले नव्हते. त्यांना खोटा आकडा सहन झाला नव्हता, एवढंच.

मी आजच्या आकड्यांचा फॉर्म पुढे धरला. दहाव्या रकान्यात 'मोजलं नाही' असं लिहायला काकांना केवढा वेळ लागला. लिहून झाल्यावर ते तिथेच बर्फात बसले.

"आता घरी चला," मी म्हटलं. "आईला तुम्हीच सांगायचं. आजच."

"वहिनी काय म्हणतील?"

"माहीत नाही. नऊ वर्षं ती बाबांवर रागावलीय. तो राग आता तुम्ही घ्या."

काकांनी मान डोलावली, माझा हात धरून उठले आणि उताराकडे पाठ करून चालायला लागले.