दोन डाव्या बाजूंचा स्वेटर

परवा सकाळी मुलुंडच्या घरी चहा घेत बसले होते, तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल. आजोबा झाला म्हणून सांगत होता, नुसता फुलून गेलेला! आणि लगेच पुढचं... "मावशी, नातीला एक छोटासा स्वेटर विणशील ना?"

हो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर लगेच सुया काही हातात घेतल्या नाहीत. कारण ह्याच भाच्याच्या वेळी मी पहिला स्वेटर विणला होता. त्याने माझा जीव टांगणीला लावला होता हो!

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी शाळेत होते. आमची ताई बाळंतपणासाठी माहेरी, मुलुंडला आलेली. त्याआधीचं तिचं पहिलं बाळ चार दिवसांतच गेलं होतं. त्यामुळे घरात सगळे दबकत वावरायचे... ह्या खेपेला बाळ होईपर्यंत कुणी साधं झबलंही शिवलं नाही.

मुलगा झाला. पण इतकुसा! डॉक्टर म्हणाले, अशक्त आहे, ऊब ठेवा. त्यात थंडीचे दिवस, आणि तेव्हा मुलुंडला डोंगराकडून असा वारा यायचा की पहाटे दात वाजायचे. आईने मला सांगितलं, बारशापर्यंत याला एक स्वेटर विण.

बाबांनी दादरहून पिवळी लोकर आणली. त्या रंगाची दुकानात तेवढीच उरली होती. शेजारच्या काकूंनी एक मासिक दिलं, त्यात बाळाच्या स्वेटरचा पॅटर्न होता... पुढून उघडा, बटणांचा. मी खूश! शाळेत उलट-सुलट टाके शिकले होते, आता काय, झकास होणार.

सुरुवातीलाच आत्याने बजावलं. ही बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची आणि घरात तिचा शब्द शेवटचा. म्हणाली, "बाळाच्या अंगावर जायची वस्तू आहे गं. एकदा सुरू केलीस की उसवायची नाही. अपशकुन होतो." मी मान डोलावली. मला कुठे उसवायचं होतं?

पाठ झाली, बाह्या झाल्या, पुढची डावी बाजूही छान उतरली. मग उजवी. मासिकात लिहिलं होतं, दुसरी बाजू पहिलीप्रमाणेच विणावी. मी आज्ञाधारक बाई, टाक्याला टाका तस्साच विणला... आणि जोडायला घेतलं तर काय! दोन्ही बाजू डाव्याच. दोन्ही चपला एकाच पायाच्या निघाव्यात तसं.

उलटी करून लावून बघितली, तर लोकरीची खडबडीत बाजू वर. खरं तर तिथे गळ्याचा आकार दुसऱ्या अंगाने घ्यायला हवा होता, आणि छापणाऱ्याने ते लिहिलंच नव्हतं. आता माझी वाट लागली! बारसं परवावर आलेलं. नवीन बाजू विणायला लोकर नाही. आणि उसवायचं तर...

खरं सांगते, मला बोलणी खाण्याची भीती नव्हती. मला वाटायचं, मी धागा ओढला आणि बाळाला काही झालं तर? आतल्या खोलीत ते जरा जास्त वेळ रडलं नाही तरी उगाच जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरून यायचे. जेवण जाईना. स्वेटर उशीखाली लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनेच पकडलं. "काय गं, तोंड का एवढंसं झालंय?" मला रडूच फुटलं. दोन्ही तुकडे तिच्यासमोर टाकले, सगळं सांगितलं. रडणं ऐकून आत्याही दारात येऊन उभी राहिली. "उसवू नको हं," ती म्हणाली, "राहू दे. वाकडा तर वाकडा."

ताई शांतपणे म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी आपण काय उसवलं होतं गं?... तरी गेलंच ना माझं बाळ."

ताईने उजवा तुकडा उचलला, टोक शोधलं, धागा बोटाला गुंडाळला आणि ओढला. ओढताना सारखी बाळाच्या खोलीकडे बघत होती. म्हणजे भीती तिलाही होतीच... तरी ती ओढत राहिली, ओळीमागून ओळ.

मी आत्याकडे बघायलाही धजत नव्हते. पण ती आत आली, ताईसमोर बसली, आणि दोन्ही हात पुढे केले. लोकर गुंतू नये म्हणून दोन हातांवर घेतात ना, तसे. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून खांद्यालाच पुसत होती बिचारी.

आकार उलटा घेऊन मी पुन्हा विणायला बसले. बारशाच्या सकाळी बटणं कुणी लावली माहितीये? आत्याने. उसवलेली लोकर कुरळी होते, त्यामुळे ती उजवी बाजू कायम जरा सुरकुतलेलीच दिसायची. पण आमचा बाळराजा त्यात ऊबदार झोपला... आणि परवा व्हिडिओ कॉलवर आजोबा होऊन हसत होता!

काल नातीच्या स्वेटरला बसले. पॅटर्न चांगला आहे, मीच चुकले, टाके कमी पडले. क्षणभर हात थांबला हो, ह्या वयातही... ताई आता नाही. पण धागा बोटाला गुंडाळला, तिने गुंडाळला होता तसाच... आणि ओढला.